आमच्या जिन्याचं शून्य

आमची मुलगी हवामान खात्यात नाही, हे मी या इमारतीत किती वेळा सांगितलं असेल त्याला सुमार नाही. तरी थंडी पडली की जिन्यात कुणीतरी मला अडवतंच. "काकू, उद्या बर्फ किती पडणार, विचारा ना लेकीला." मग माझं डोकं फिरतं. बर्फ किती पडणार हे ती सांगत नाही. पडलेल्या बर्फाने माणसांचं काय होतं ते ती बघते. किती जण घसरून हाडं मोडून घेतात, बर्फ उपसताना कुणाच्या छातीत कळ येते, कुणाच्या पायाची बोटं काळीनिळी पडतात, कोण बंद खोलीत शेगडी पेटवून झोपतं आणि सकाळी डोकं धरून उठतं. शहरातल्या दवाखान्यांतून, अँब्युलन्सच्या तळांवरून, औषधांच्या दुकानांतून रोज सकाळी तिच्याकडे आकडे येतात. ती ते नकाशावर मांडते आणि दुपारपर्यंत ठरवते, की फिरत्या दवाखान्याची गाडी आज कुठल्या रस्त्याला जाईल, कुठल्या शाळेचा हॉल गरम करून म्हाताऱ्यांसाठी उघडायचा, कुठल्या चढावर आधी वाळू टाकायची. आरोग्य कार्यालयात तिच्या खोलीला थंडी कक्ष म्हणतात.

एकदा मी तिला डबा द्यायला तिथे गेले होते. कक्ष म्हणजे दोन टेबलं, चार फोन, भिंतभर नकाशा आणि एक हीटर, तोही निम्मा वेळ रुसलेला. अख्ख्या शहराला थंडीपासून जपणारी ही बाई स्वतः कोट घालून बसलेली. तिचे साहेब, चांगले पांढऱ्या केसांचे, तिच्या टेबलाशी उभे राहून विचारत होते, "मग आज गाडी कुठे पाठवायची?" आणि आमची कार्टी नकाशावरची नजर न काढता म्हणाली, "थांबा, नदीपलीकडचे आकडे यायचेत अजून." साहेब थांबले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेर येऊन मी कठड्याला धरून जरा उभी राहिले. शिपायाने विचारलं, काय झालं. म्हटलं, थंडीने डोळ्यांतून पाणी येतं माझ्या.

तर अभिमान मलाही आहे, पण मी तो आवरून धरते. आमच्या ह्यांचं तसं नाही. ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले आणि, कुणी नेमलेलं नसताना, आमच्या जिन्याचे मुकादम झाले. दिवा गेला, नळ गळला, कुणी पायरीवर बूट झाडले, की हे हजर. सगळे त्यांना मुकादमच म्हणतात. मीही म्हणते, रागात असले की. आमच्या इमारतीला तीन जिने आहेत, प्रत्येकाचं दार वेगळं, आणि ह्यांच्या मते त्यातला माणसांनी राहण्यासारखा एकच.

या वर्षी मुलीने नवी पद्धत काढली. दवाखान्यात जो पोचतो तोच मोजला जातो, असं तिचं म्हणणं. जो घरात कुडकुडत गप्प बसतो त्याचं काय? म्हणून जुन्या इमारतींत प्रत्येक जिन्याला एक प्रतिनिधी नेमला. त्याने रोज सकाळी दारोदार जाऊन विचारायचं, कुणी पडलं का, खोकला आहे का, छातीत दुखतंय का, बोटं बधिर झालीत का, खोली गरम आहे ना. आणि आकडा फोनवर कळवायचा. आमच्या जिन्याला कोण, हा प्रश्नच नव्हता. तिने तोंड उघडायच्या आधी ह्यांनी मफलर गुंडाळला होता.

"बाबा, एक सांगते," ती म्हणाली, "फोनवर मी तुमची मुलगी नाही. सगळ्यांशी बोलते तशीच बोलणार."

"बोल की. मीपण प्रतिनिधी म्हणूनच बोलणार."

झालं, रोज सकाळी आमच्या घरात हे नाटक सुरू. हे खुर्ची ओढून फोनसमोर ताठ बसत. "जिना क्रमांक दोन." पलीकडून तिचा कामाचा आवाज, "किती?" हे म्हणत, "तीन. दोन खोकला, एक घसरण." ती म्हणे, "नोंद केली," आणि फोन बंद. मग हे माझ्याकडे वळत. "बाप आहे, तरी एक शब्द जास्त बोलली नाही. याला म्हणतात काम."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. बिघडवलं ते बेकरीवाल्यांनी. ते शेजारच्या जिन्याचे प्रतिनिधी, आणि ह्यांचं नि त्यांचं पत्त्यांच्या डावावरून जुनं बिनसलेलं. एके सकाळी हे पाव आणायला गेले, तर ते काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "आमच्याकडे आठवडाभर शून्य चाललंय, मुकादम. तुमच्याकडे काय परिस्थिती?" ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी आले ते पाव टेबलावर आपटतच.

"मुलगी कुणाची? माझी. थंडी कक्ष कुणाचा? तिचा. आणि शून्य कुणाचं, तर बेकरीवाल्याचं."

"अहो, ही काय मार्कांची परीक्षा आहे का?"

"तुला नाही कळायचं. तिचे साहेब ते आकडे बघत असतील. हिच्या सख्ख्या बापाच्या जिन्यात माणसं धडाधड आजारी पडतात, तर ही शहर काय सांभाळणार, असं नाही म्हणणार ते?"

"नाही म्हणणार."

"तू तुझं शिवण बघ."

दुसऱ्या दिवसापासून ह्यांची विचारायची तऱ्हाच बदलली. मी दारातून ऐकत होते. समोरचं दार पुरतं उघडायच्या आत हे म्हणायचे, "ठीक ना? ठीकच असणार. छान." पुढच्या दाराकडे रवाना. दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई बाहेरच्या पायरीवर आपटल्या होत्या, मनगट भाकरीएवढं सुजलेलं. हे म्हणाले, "पडलात की काय?" बाई जन्मभर मुलांना दरडावत आलेल्या, पण ह्यांचा चेहरा बघून विरघळल्या. म्हणाल्या, "पडले नाही हो. बसले." हे खूश झाले. बसलेल्यांना मोजायचं असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मला राग यायचा, पण नुसत्या ह्यांच्यावर तरी किती काढणार? अख्खा जिना सामील होता. या पायऱ्यांवर आमची पोर लहानाची मोठी झाली. गणिताच्या बाईंनी तिचे पाढे घेतले. वरच्या काकूंनी तिला परीक्षेच्या दिवसांत दूध पाजलं. तळमजल्याच्या कोपऱ्यातले घड्याळकाका तर तिला शाळेनंतर आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसवून घ्यायचे आणि मिटल्या डोळ्यांनी सेकंद मोजायला लावायचे. 'मोजायला मी त्यांच्याकडेच शिकले,' असं ती अजूनही सांगते. तिचं नाव पेपरात आलं तेव्हा सगळ्या जिन्याने तो पेपर जपून ठेवला. आता तिच्या नकाशावर आपल्यामुळे डाग नको, म्हणून जो तो खोकला गिळायला लागला. याला काय म्हणावं? वेडेपणाच, पण त्यात प्रेम होतं, हे मी नाकारत नाही.

शून्य. नोंद केली. शून्य. नोंद केली. हळूहळू 'नोंद केली'च्या आधी तिकडून जरा थांबणं ऐकू यायला लागलं. ह्यांना वाटलं, पोर खूश होतेय.

मग ती मोठी थंडी आली. दाराची कडी हातमोज्याला चिकटायची. खिडक्यांवर आतून बर्फ धरायला लागला. बॉयलर बघणारा माणूस येऊन गेला आणि म्हणाला, दाब कमी आहे, खालच्या मजल्यांना जरा सोसावं लागेल. पोर घरी येईनाशी झाली. कार्यालयातच कोपऱ्यात अंग टाकायची. आणि अशात घड्याळकाका मला पत्रपेटीशी दिसले. किल्ली हातात, पेटीचं कुलूप समोर, आणि ते नुसते बघत उभे. कोटाची बटणं एक काज चुकवून लावलेली, एक बाजू वर, एक खाली. मी जन्मभर गणवेश शिवले, चुकलेलं बटण मला खड्यासारखं टोचतं.

"भाऊजी, बटणं बघा तुमची."

"घाई झाली, वहिनी," ते हसून म्हणाले.

घाई? घड्याळाच्या चाकाला तेलाचा थेंब लावताना श्वास रोखून धरणारा माणूस, त्याला पत्रपेटीपर्यंत यायची घाई? माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण वर दूध तापत होतं. मी पायऱ्या चढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. प्रतिनिधीला नव्हे, मला.

"आई, गाड्या दोनच आहेत. एक नदीपलीकडे जातेय. दुसरी मी आपल्या रस्त्याला धरून ठेवली होती, पण आपल्या इमारतीचे तिन्ही जिने शून्य सांगतायत. टेकडीवरून माणसं ओरडतायत गाडीसाठी. तिकडे पाठवू का?" मग ती म्हणाली, "तू सांग. खरंच सगळे ठीक आहेत?"

हे समोरच उभे होते. हाताचा गोल करून मला दाखवत होते, शून्य, शून्य. आणि मला एकदम आठवलं, या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती जेवताना काय बोलली होती. थंडी आत शिरली की आधी बोटं ऐकेनाशी होतात. बटण लागत नाही, किल्ली कुलपात जात नाही. मग बोलणं जड होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुडकुडणं थांबतं. माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय.

"गाडी धरून ठेव," मी म्हटलं. "मी तळमजल्यावर जाऊन येते."

"अगं, शून्यच आहे," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

घड्याळकाकांना कडी काढायला इतका वेळ लागला, की मी दार ठोठावायचं सोडून त्यावर थापा मारायला लागले. आत गेले. माझाच श्वास मला दिसत होता. गरम पाण्याचा पाइप हाताला लोखंडासारखा थंड. तो केव्हाचा गोठला होता. खिडकीतल्या पेल्यात पाण्याचा बर्फ. बाकावर एक घड्याळ उघडं पडलेलं, त्याचे स्क्रू इकडे तिकडे सांडलेले. त्या बाकावर स्क्रू सांडलेला मी कधी पाहिला नव्हता. काका कोट घालून पलंगाच्या कडेला बसले. बटणं अजून चुकलेलीच. अंगाला काप नाही, काही नाही.

"आता... बरं वाटतंय, वहिनी," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "सकाळी फार वाजत होती."

"पाइप गोठला ते सांगितलं का नाहीत?"

"मुकादम सांगतील मग... कक्षाला. पोरीचं शून्य..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही.

मी जिन्यात जाऊन ओरडले. तशी मी कधी ओरडले नव्हते. शेजारच्या जिन्यातही ऐकू गेलं म्हणे. "अहो, खाली या. पांघरुणं घेऊन या. सगळ्यांनी या." मग काकांच्या फोनवरून मुलीला लावला. तिने सगळं ऐकलं, अँब्युलन्सला तिथल्या तिथे दुसऱ्या फोनवरून हाक दिली, आणि मला सांगायला लागली. आवाज कामाचाच, पाण्यासारखा सरळ.

"आडवं झोपवा. चालवू नका. हातपाय चोळायचे नाहीत. हीटरजवळ न्यायचं नाही. कपडे ओले असतील तर बदला, डोक्यावर टोपी घाला. घोट गिळता येत असेल तर कोमट गोड पाणी, थोडं थोडं. आणि कुणीतरी त्यांना कुशीत घेऊन पांघरुणात शिरा. माणसाची ऊब सगळ्यात चांगली. कोण आहे?"

कोण आहे, हे मी बघायच्या आधीच ह्यांनी कोट काढून फेकला होता. बूट काढून हे काकांच्या मागे पलंगावर चढले, दोन्ही हातांनी त्यांना छातीशी धरलं, आणि मी वरून पांघरुणं घातली. आमचे हे असे, की पुतणीच्या लग्नात व्याह्यांनी मिठीला हात पसरले, तर ह्यांनी नुसत्या नमस्कारावर भागवलं. ते आता एका म्हाताऱ्याला पोराबाळासारखं कवटाळून पडले होते आणि त्याच्या कानाशी म्हणत होते, "मी विचारलं होतं ना तुम्हाला. नाही, विचारलं नव्हतं. दार उघडायच्या आत पुढे गेलो मी."

तोवर जिना दारात जमला होता. मफलरमध्ये नाक खुपसून, खोकत, एकमेकांकडे न बघता.

"आई, जिन्यातल्या बाकीच्यांचं काय?" फोनवर ती विचारत होती. "आता खरं सांग."

मी दारात जमलेल्यांकडे वळले. फोन नुसता त्यांच्याकडे धरला. आधी गणिताच्या बाई पुढे आल्या. सुजलेलं मनगट वर करून, शाळेत मुलं करतात तसं, म्हणाल्या, "मी पडले होते, बाळ. बसले नव्हते." मग वरच्या काकू, रात्र रात्र खोकला. मग त्यांचे यजमान, छातीत कळ येते पण कुणाला सांगितलं नाही. एकेक जण आपलं दुखणं सांगत गेला, आणि तिकडे पेन्सिल चालल्याचा आवाज येत गेला.

"काका धरून आठ," मी शेवटी म्हटलं.

"नऊ," पांघरुणातून आवाज आला. "माझे पाय."

मी वळून पाहिलं. ह्यांच्या पायांत मोज्यांचे दोन जोड होते. दोन का, असं मी विचारलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, आवडतात मला. मी मोजे उतरवले. दोन बोटं जांभळी झालेली, कातडी फुगलेली. रोज पहाटे जिन्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ खरवडून खरवडून, कुणी घसरू नये म्हणून. एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

"जिना क्रमांक दोन," हे पडल्या पडल्या म्हणाले, पण त्या ताठपणाने नव्हे. "नऊ. त्यात एक प्रतिनिधी."

पलीकडे पेन्सिल चालली. मग ती म्हणाली, "नोंद केली." आणि मग, कामाच्या फोनवर पहिल्यांदाच, "बाबा."

अँब्युलन्स काकांना घेऊन गेली, आणि तिच्या मागोमाग फिरत्या दवाखान्याची गाडी आमच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. ती टेकडीला गेली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी अजून पुरता करत नाही. बेकरीवाले गाडीशी आले ते मान खाली घालून. त्यांच्याही जिन्यात सातजण निघाले. हे काठी टेकत म्हणाले, "आमचे नऊ." मी ह्यांना कोपराने ढोसलं, पण खरं सांगायचं तर मलाही हसू आलं.

संध्याकाळी मुलगी दवाखान्यातून थेट घरी आली. काका शुद्धीत होते, पण बोटांचं सांगता येत नव्हतं; डॉक्टर म्हणाले, वाट बघा. घड्याळवाल्याची बोटं गेली तर माणूस जिवंत राहून काय करणार, हे कुणी बोललं नाही, सगळ्यांच्या मनात तेच. ती ह्यांच्या पायांची पट्टी बघत खाली जमिनीवर बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं ह्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"तुमचे ते पहिले तीन, बाबा," ती म्हणाली, "त्यांच्यावरून मी ओळखलं होतं की आपल्या रस्त्याला खोल्या थंड आहेत. सगळ्या भागात पहिला खरा आकडा तुमचा होता. मग शून्य यायला लागलं, आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

ह्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक बोटाने आत दाबलं. "साहेबांना कळलं?"

"मीच सांगितलं. माझ्या वडिलांच्या जिन्याचा आकडा चुकला होता, आता बरोबर आहे, म्हटलं."

"लाज वाटली असेल तुला."

"पहिल्या वाक्याला वाटली," ती म्हणाली. "दुसऱ्याला नाही."

पुढच्या सकाळपासून शहरातल्या सगळ्या जिन्यांत विचारायची पद्धत बदलली. आता कुणाला 'ठीक ना?' असं विचारायचं नाही. दार पूर्ण उघडायला लावायचं आणि म्हणायचं, कोटाची बटणं काढून पुन्हा लावून दाखवा. ज्याला जमत नाही, तो आकड्यात धरायचा. हे तिने ठरवलं, तिच्या साहेबांनी सही केली. मी रस्त्याने जाताना परक्या इमारतींच्या दारांत माणसं खाली मान घालून बटणं लावताना बघते, आणि माझी मान आपोआप वर होते. कुणी विचारलं तर मी सांगतेही, की ही आमच्या मुलीची पद्धत. आवरून धरायचं मी सोडून दिलंय.

थंडी अजून सरली नव्हती तेव्हा घड्याळकाका घरी आले. त्यांचा पाइप ह्यांनीच स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला होता. दुसऱ्या सकाळी हे लंगडत फेरीला निघाले, मीही बरोबर गेले. तळमजल्याचं कोपऱ्यातलं दार पूर्ण उघडलं. काकांच्या बोटांची पट्ट्यांतून नुकतीच सुटका झाली होती, टोकांशी कातडी सोलवटलेली. हे उंबऱ्याशी थांबले. काकांनी कोट घातला आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. एक काजातून निसटलं, पुन्हा धरलं. गणिताच्या बाई वरच्या पायरीवर थांबल्या. सगळ्यात वरच्या बटणाला फार वेळ लागला, आणि कुणी हात पुढे केला नाही. ते लागलं तेव्हा काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बघा वहिनी, काज चुकलंय का."

नव्हतं चुकलं.

वर येऊन ह्यांनी खुर्ची ओढली. "जिना क्रमांक दोन."

"किती?"

"आठ," हे म्हणाले. "काल नऊ होते."

फोनवर विचारलेल्यापेक्षा जास्त हे एरवी कधी बोलत नाहीत, आणि तीही कधी विचारत नाही. पण ती म्हणाली, "कोण बरं झालं?"

हे खुर्चीतून उठले. फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "घड्याळकाकांनी वरचं बटण लावलं. स्वतः."

तिने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण खोलीतलं सगळं ऐकू यायला लागलं, तो रुसका हीटर, दुसरे फोन, कुणाच्या तरी बुटांचा आवाज. आणि त्या सगळ्यावरून ती साहेबांना सांगत होती, "माझ्या बाबांच्या जिन्यात आज एक कमी झाला."